मदत हवी आहे: स्केचअपमध्ये कौलारू छपराचं पाखं एकसंध होत नाही, त्रिकोणांत तुटतं

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर पावसाळ्याआधी उतरवून नवीन घालायचं आहे. वासे वाळवीने पोखरलेत, आढंही (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) आतून गेलंय. पुन्हा लाकूड घालणं परवडत नाही, म्हणून लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर आमचीच जुनी मंगलोरी कौलं, असं ठरलंय. फॅब्रिकेटरचं म्हणणं, "मापं कागदावर द्या, पाइप कारखान्यातच कापून आणतो. वाडीत दिवसभर वीज टिकत नाही, तिथे कापाकापी नको." म्हणून मी घराचं मॉडेल करते आहे. स्केचअप (त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) मेक २०१७ वापरते, ती फुकट मिळालेली शेवटची डेस्कटॉप आवृत्ती.

घर दुपाखी आहे, म्हणजे छपराला दोन उतरत्या बाजू, दोन पाखी. लांबी ४२ फूट. डाव्या टोकाला रुंदी २० फूट, उजव्या टोकाला २० फूट ६ इंच, आणि पुढची-मागची दोन्ही भिंती सारख्याच बाहेर फाकलेल्या. आढं बरोबर मधल्या भिंतीवर. पाण्याच्या नळीने पाहिलं, दोन्ही टोकांना ते भिंतींच्या माथ्यापासून ५ फूट ९ इंचांवर आहे. मागे काटकोनात १४ फूट रुंदीचं स्वयंपाकघर आहे, त्याचं छप्पर मुख्य छपराच्या मागच्या पाख्यात घुसतं, म्हणजे दोन पन्हळी (दोन छपरं मिळतात तिथल्या खोलगट रेघा) आल्या. वळचण सगळीकडे २ फूट बाहेर. भिंती चिऱ्याच्या, जाडी कुठे १४ इंच तर कुठे १५.

अडचणी अशा:

१. पुढच्या वळचणीची रेघ, आढ्याची रेघ आणि बाजूच्या दोन तिरक्या रेघा, चारही टोकांना नीट जुळल्यात. तरी मध्ये पृष्ठभाग भरत नाही. एक कर्ण मारला की लगेच दोन त्रिकोण भरतात. कर्ण पुसला की दोन्ही गायब. मागच्या पाख्याचंही तेच.

२. आयताकृती छप्पर करून एक टोक मूव्ह टूलने ओढलं, तर पाखं आपोआप दुमडतं.

३. स्वयंपाकघराचं छप्पर मुख्य पाख्यात घुसवल्यावर पन्हळीची रेघ उमटत नाही.

४. खिडकीचा चौकोन काढून पुश-पुलने आत ढकलला की काही भिंतींत आरपार भोक पडतं, काहींत पडत नाही.

त्रिकोण लपवून चित्र छान दिसेल, हे ठाऊक आहे. पण या मॉडेलवरून पाइप कापले जाणार आहेत, म्हणून मला ते दिसायला नाही तर मापाला बरोबर हवं आहे. घर आजोबांनी बांधलेलं आहे आणि नवं छप्पर निदान पुढच्या पिढीपर्यंत टिकावं, अशी फार इच्छा आहे. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद

आधी दोन गोष्टी तपासा. विंडो मेनूत मॉडेल इन्फो, त्यात युनिट्स. तिथे लेंग्थ स्नॅपिंग चालू असेल तर बंद करा, आणि प्रिसिजन जितकी वाढवता येईल तितकी वाढवा. लांबीच्या आकड्याआधी ~ असं चिन्ह दिसलं तर ती लांबी दाखवली आहे तेवढी नेमकी नाही.

मग स्टाइल्समध्ये कडांचा रंग 'बाय ॲक्सिस' करा. जी रेघ अक्षाला तंतोतंत समांतर, ती लाल, हिरवी किंवा निळी दिसते. बाकीच्या काळ्या राहतात. कुठली रेघ काळी आहे ते इथे लिहा.

धागाकर्ती

स्नॅपिंग चालू होतं, बंद केलं, रेघा पुन्हा काढल्या. आढं लाल अक्षावर ठेवलं होतं, ते लाल दिसतं. पुढची आणि मागची वळचण दोन्ही काळ्या. पृष्ठभाग अजूनही भरत नाही.

प्रतिसाद

ताई, तुमचं उत्तर त्या काळ्या रेघांतच आहे. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. ते पाखं मुळात सपाट नाहीच.

आढं आडवं, वळचणही आडवी, पण दोघी एकमेकींना समांतर नाहीत. अशा दोन रेघा एका सपाट पृष्ठभागात कधीच बसू शकत नाहीत. हिशोब करून बघा. डाव्या टोकाला अर्धी रुंदी १० फूट आणि चढ ५ फूट ९ इंच, म्हणजे उतार जवळजवळ ३० अंश. उजव्या टोकाला अर्धी रुंदी १० फूट ३ इंच आणि चढ तोच, म्हणजे उतार २९ अंशांच्या जरासा वर. एकाच पाख्याचे दोन टोकांना दोन उतार, म्हणजे पाख्याला पीळ पडला. डाव्या टोकाचा उतार धरून सपाट पाखं काढलं तर उजवीकडे ते आढ्याच्या सुमारे पावणेदोन इंच वरून जातं. स्केचअपची सहनशक्ती इंचाच्या हजाराव्या भागाएवढी आहे, ते पावणेदोन इंच कसे पोटात घालणार? म्हणून ते कर्ण मागतं. तुमचा दुसरा प्रश्नही हाच. टोक सपाटीबाहेर गेलं की मूव्ह टूल पृष्ठभागाला घडी घालतं.

जुन्या सुतारांना हा पीळ नडला नाही, कारण लाकडात प्रत्येक वासा वेगळा तासून बसवतात आणि रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) थोड्या वाकतात. लोखंडात ते सोपं नाही. चौकोनी पाइपाची सरळ लांब पट्टी पिळदार पाख्यावर बसवायची तर कुठे ती उचलून राहील, कुठे खाली पाचर मारावी लागेल. त्यामुळे मॉडेल तुटतंय हे आत्ताच कळलं, हे फार बरं झालं.

आता काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आहे. उतार सगळीकडे ३० अंश ठेवलात तर पाखी सपाट होतील, पण आढं डावीकडून उजवीकडे पावणेदोन इंच चढेल. ४२ फुटांत ते डोळ्याला जाणवणार नाही. यासाठी प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं टूल) वळचणीच्या टोकावर ठेवा, माउसचं बटण दाबून वळचणीच्या रेघेवरून ओढा म्हणजे तो त्या रेघेभोवती फिरेल, ३० टाइप करून एंटर. आलेल्या मार्गदर्शक रेघेवर मोठं पाखं काढा, दुसऱ्या बाजूनेही तसंच, मग दोन्ही एकमेकांना छेदू द्या.

प्रतिसाद

वरचं गणित अगदी बरोबर आहे, पण निर्णयाबाबत माझं मत वेगळं आहे. मी कौलारू छपरांचीच कामं करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

उतार सारखा ठेवून आढं चढवलंत तर पाखं सपाट होतं, पण आयताकृती होत नाही. डाव्या टोकाला आढ्यापासून भिंतीपर्यंतचा तिरका पल्ला ११ फूट साडेसहा इंच आणि उजव्या टोकाला ११ फूट १० इंच, म्हणजे साडेतीन इंचांचा फरक. मंगलोरी कौल खालून रिपेला अडकतं आणि शेजारच्या कौलात खाचेने बसतं, त्यामुळे रिपांमधलं अंतर कौल ठरवतं, आपण नाही. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून या कौलाची मेख तीच आहे. साडेतीन इंचांची पाचर कुठेतरी निघणारच, म्हणजे आढ्याखालची अख्खी ओळ तिरकी कापा. कापलेलं कौल कोन्याखाली (आढ्यावरच्या कौलाखाली) हलतं आणि पाणी तिथूनच शिरतं.

त्यापेक्षा छप्पर भिंतींपासून सोडवा. छप्पर शुद्ध आयत ठेवा, दोन्ही वळचणी आढ्याला समांतर. वाकडेपणा वळचणीच्या बाहेर येण्यात जाऊ दे, डावीकडे २ फूट आणि उजवीकडे १ फूट ९ इंच. खालून बघणाऱ्याला ते कळणं कठीण आहे. फक्त एक ध्यानात घ्या. उजवीकडे भिंत ३ इंच बाहेर आहे, म्हणून तिथे पाखं भिंतीवर पावणेदोन इंच खाली येतं. भिंतीचा माथा तिथे तासू नका. उजव्या टोकाला आहे तसा ठेवा आणि डाव्या टोकाकडे चढत जाईल असा पावणेदोन इंचांचा काँक्रीटचा उतार दोन्ही लांब भिंतींवर द्या. आढ्यासकट सगळं छप्पर तेवढंच वर येईल, तेव्हा मधली भिंत आणि बाजूच्या त्रिकोणी भिंतीही तितक्याच चढवा. पाइपाखाली तसंही काँक्रीट घालावं लागतंच.

मॉडेलमध्ये तर हे सगळ्यात सोपं. एका टोकाला त्रिकोण काढा, पुश-पुलने आढ्याच्या दिशेने सरळ ओढा, त्याचा ग्रुप करा. भिंती वेगळ्या ग्रुपमध्ये, जशा आहेत तशा वाकड्या.

कौलांबद्दल एक. जुनी कौलं उतरवताना मागचे शिक्के बघा आणि एकाच शिक्क्याची एकत्र रचा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. कमी पडली तर दुसऱ्या शिक्क्याची सगळी स्वयंपाकघरावर घाला.

प्रतिसाद

खिडक्यांचं राहिलं. पुश-पुल आरपार तेव्हाच भोक पाडतं, जेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजू समांतर असतात. तुमची भिंत १४ वरून १५ इंच होते, म्हणजे त्या समांतर नाहीत. तिथे चौकोन भिंतीतून पलीकडे बाहेर येईल इतका ढकला, सगळं निवडा, राइट क्लिक, इंटरसेक्ट फेसेस, विथ सिलेक्शन, आणि मग जास्तीचे तुकडे पुसा. तयार खिडकीचं कंपोनंट टाकलंत तरी ते भिंतीची एकच बाजू कापतं, दुसरी तुम्हालाच कापावी लागेल.

पन्हळीची रेघ न उमटण्याचं कारण बहुतेक ग्रुप. दोन वेगळे ग्रुप एकमेकांत घुसले तरी आपोआप रेघ पडत नाही. डबल क्लिक करून स्वयंपाकघराच्या छपराचा ग्रुप उघडा, आतलं सगळं निवडा आणि इंटरसेक्ट फेसेस, विथ मॉडेल. रेघ उघडलेल्या ग्रुपात पडते. मुख्य पाख्यातही हवी तर तो ग्रुप उघडून पुन्हा तेच करा. भिंतीही अशाच छपराच्या वर काढून कापता येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आयताकृती छपराचा मार्ग घेतला. पाखी पहिल्या झटक्यात एकसंध भरली, पन्हळीही उमटल्या. भिंतीच्या माथ्याचा उतार गवंडीकाकांना फोनवर सांगितला, ते म्हणाले जमेल.

दोन शंका उरल्या. पन्हळीच्या पाइपाचा उतार फॅब्रिकेटरला ३० अंशच सांगायचा का? आणि कौलांसाठी क्षेत्रफळ मॉडेलमधून घेतलं तर चालेल का? आणखी कौलं आणायची की नाही, ते त्यावर ठरेल.

प्रतिसाद

३० अजिबात सांगू नका. दोन्ही छपरांचा उतार सारखा आणि कोपरा काटकोनी असेल तर पन्हळ वरून पाहता ४५ अंशात जाते, म्हणून तेवढाच चढ चढायला तिला लांब पल्ला मिळतो. ३० अंशांच्या छपरात तिचा उतार सुमारे २२ अंश येतो. मॉडेलमध्ये त्या रेघेवर प्रोट्रॅक्टर लावून पडताळा. तिथे पाणी सगळ्यात जास्त आणि उतार सगळ्यात कमी, तेव्हा पत्र्याची पन्हळ रुंद घ्या.

क्षेत्रफळ एंटिटी इन्फोमध्ये दिसतं. ताळा करायला वरून दिसणारं क्षेत्रफळ वळचणीसकट काढून १.१५५ ने गुणा. ३० अंशांना हाच गुणक सगळीकडे चालतो, पन्हळी असल्या तरी. समजा वरून ४५ फूट बाय २४ फूट दिसतंय, तर १०८० गुणिले १.१५५, म्हणजे साधारण १२४७ चौरस फूट. मॉडेल वेगळं सांगत असेल तर एखादा पृष्ठभाग दुहेरी मोजला जातोय किंवा भिंतीआडचा तुकडा पुसायचा राहिलाय. मग जमिनीवर तुमचीच दहा बाय दहा कौलं रिपेच्या अंतराने लावून किती जागा व्यापतात ते मोजा आणि भागा. दुकानदाराच्या आकड्यापेक्षा हा भरवशाचा.

स्वयंपाकघर मुख्य घराला खरोखर काटकोनात आहे का, हे ३-४-५ च्या मापाने (कोपऱ्यातून दोन बाजूंना ३ आणि ४ फूट मोजले तर कर्ण ५ फूट यायला हवा) एकदा बघून घ्या. नसेल तर पन्हळीचे दोन पाइप दोन वेगळ्या लांबीचे येतील. बाकी सगळं कारखान्यात कापून आणलं तरी ते दोन पाइप फूटभर जास्त ठेवून जागेवरच कापायला सांगा.