गेमबॉय कार्ट्रिजचा बोर्ड: सेव्ह बिघडतो, बॅटरी महिन्यात संपते, दुसऱ्या आवृत्तीत काय बदलू?

सोल्डरधूर
मूळ राखाडी गेमबॉयसाठी बॅटरी-सेव्हचं (गेमची प्रगती बॅटरीवरच्या रॅममध्ये जपणारं) कार्ट्रिज केलंय. २९एफ०१६ फ्लॅश, एमबीसी५चं (कार्ट्रिजमधली मेमरी बँक बदलणारी चिप) काम करणारी ५ व्होल्टची एटीएफ१५०२एएस सीपीएलडी (प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप), एएस६सी६२२५६ रॅम आणि टॅबवाली सीआर२०२५ बटन बॅटरी. बॅट५४सी या जोड शॉटकी डायोडमधून ५ व्होल्ट आणि बॅटरी दोन्ही रॅमच्या व्हीसीसीवर (वीज पिनवर) येतात, बॅटरीला १ किलोओहम सिरीजमध्ये आहे. रॅमची सीई पिन (खाली असली की रॅम निवडली जाते) सीपीएलडी चालवते, तिच्यावर रॅमच्या व्हीसीसीकडे १० किलोओहमचा पुल-अप (पिन वर धरणारा रेझिस्टर) आहे.
बंद करताना अधूनमधून सेव्ह बिघडतो, आणि नवी बॅटरी जेमतेम महिना टिकते. कार्ट्रिज बाहेर काढून मोजलं तर १ किलोओहमवर २०० मिलीव्होल्ट दिसतात. पुल-अप ४७ किलोओहम केला तर भागेल का?

तांब्याची_वाट
नाही भागणार. १ किलोओहमवर २०० मिलीव्होल्ट म्हणजे २०० मायक्रोअँप. सीआर२०२५ साधारण १६० मिलीअँप-तासांची, म्हणजे ८०० तास, ३३ दिवस. तुमचा महिना तिथेच सापडला.
हा करंट रॅम खात नाही. वीज गेली की सीपीएलडीच्या आउटपुट पिनमधला आतला डायोड तिच्या मेलेल्या ५ व्होल्ट लाइनकडे वाट करून देतो. बॅटरी, पुल-अप, तो डायोड, असा मार्ग. सीई ०.६ व्होल्टच्या आसपास अडकते, म्हणजे रॅम निवडलेलीच राहते. ४७ किलोओहमने गळती कमी होईल, पण सीई खालीच राहील.
सेव्ह बिघडण्याचं मूळही हेच. व्होल्टेज उतरताना सीपीयू भरकटतो, डब्ल्यूआर (लिहिण्याच्या) लाइनवर खोटे पल्स येतात आणि रॅम उघडीच असते. जे गेम ०००० ते १एफएफएफमध्ये ०ए लिहून रॅम उघडतात आणि नंतर बंद करत नाहीत, त्यांना हे सगळ्यात आधी भोवतं.

पिन३२
रॅम बदला, बरंच सोपं होईल. एएस६सी१००८ला दोन सिलेक्ट आहेत: २२वी पिन सीई आणि ३०वी सीई२. सीई२ खाली असली की रॅम झोपते. सीई२ला आधाराचा रेझिस्टर बॅटरीकडे नाही तर जमिनीकडे (ग्राउंडला) द्यायचा असल्याने बॅटरीतून काही गळत नाही.
सीई२ला मॅक्स८०९एम जोडा (व्होल्टेज ४.३८ च्या खाली गेलं की आउटपुट खाली ओढणारा रीसेट आयसी, पुश-पुल, एसओटी-२३), त्याची वीज कार्ट्रिजच्या १ नंबर (५ व्होल्टच्या) पिनवरून घ्या, रॅमच्या व्हीसीसीवरून कदापि नको. सीई२वरून जमिनीला १०० किलोओहम हवाच, कारण १ व्होल्टखाली त्या आयसीच्या आउटपुटचा भरवसा नसतो. सीईचा पुल-अप काढून टाका. फक्त ३२ किलोबाइट वापरायचे असतील तर ए१५ (पिन ३१) आणि ए१६ (पिन २) या पत्त्याच्या पिना जमिनीला बांधा. तरंगत ठेवल्या तर सेव्ह भलत्याच जागी जाईल.
बॅटरीच्या बाजूला शॉटकीऐवजी १एन४१४८ घ्या. शॉटकीची उलटी गळती चालू असताना बॅटरीला चार्ज करू पाहते, आणि ही बॅटरी चार्ज करायची नसते. १ किलोओहम तिथेच राहू द्या.

सोल्डरधूर
मॅक्स८०९ वीज आल्यावर किमान १४० मिलीसेकंद रीसेट धरून ठेवतो. तेवढ्यात गेमने रॅम वाचली तर?

पिन३२
वाचणार नाही. गेमबॉयमधली बूट रॉम (सुरू होताना आधी चालणारा कोड) लोगो खाली सरकवण्यातच दोन सेकंदांहून जास्त घेते, गेमचा कोड त्यानंतर चालतो.
नवा बोर्ड आला की त्याच १ किलोओहमवर मोजा. ५ मिलीव्होल्ट दिसले तरी ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षं मिळतात. दहापट जास्त दिसले तर आधी बॅटरीजवळचा फ्लक्स आयसोप्रोपिलने धुऊन पुन्हा मोजा.

तांब्याची_वाट
ऑर्डर देताना जाडी ०.८ मिमी निवडा. १.६ आपोआप निवडलेली असते आणि तसा बोर्ड कनेक्टर फाकवतो. कडेच्या ३२ पिना १.५ मिमी अंतरावर; त्यांच्यावर सोन्याचा मुलामा घ्या, कथिलाचा नको. पिनांच्या पट्ट्यात सोल्डर मास्क ठेवू नका, कड तिरपी घासून मागा. १०० नॅनोफॅरड प्रत्येक चिपच्या वीज पिनेला खेटून, आणि एक १० मायक्रोफॅरड १ व ३२ नंबर (५ व्होल्ट आणि जमीन) पिनांजवळ.