अनुभव हवेत : पोहता न येणाऱ्यांचं अंदमान

गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी ओसरली की जानेवारीअखेर अंदमानला निघतोय. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि बासष्टीची आई. पाण्याशी आमची ओळख सिद्धेश्वर तलावाच्या काठापर्यंतच, पोहता कुणालाच येत नाही. एजंटनं दिलेल्या कागदावर स्कूबा (हवेची टाकी घेऊन बुडी), सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं), जेट-स्की (पाण्यावरची मोटारसायकल) सगळं एका ओळीत छापलंय. हॉटेलात लोळायला तर जायचं नाही. तुम्ही स्वतः काय केलं, तेवढंच सांगा.

जुळे सोलापूरहून उत्तर

मी मोहोळकडचा, विहिरीत मुटके मारत वाढलेलो. त्यामुळं हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) स्कूबावाला पोरगा किनाऱ्यावर शिकवत होता, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. खाली गेलो. समोरून निळेपिवळे मासे, मी खूश होऊन त्याला अंगठा दाखवला. गड्यानं मला धरून सरळ वर आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

बायकोला अजिबात पोहता येत नाही, तिचं सगळं व्यवस्थित झालं. कारण तिनं ऐकलं होतं. तोंडानंच श्वास घ्यायचा, तो कधीच रोखून धरायचा नाही, आणि खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक चिमटून हलकी फुंकर मारायची. विहिरीवाल्यांची अडचण ही की आपल्याला दम कोंडायची सवय. पोहता येत नसेल तरी चालतं, पूर्ण वेळ शिकवणारा धरून असतो. दहा वर्षांपुढच्या मुलांना नेतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि परतीच्या विमानाआधी निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, डाइव्ह करून लगेच विमानात बसायचं नसतं.

सात रस्ता

हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (नळीनं श्वास घेत पालथं तरंगणं) केलं. ‘सोलापूरच्या उन्हात वाढलोय, अंदमानचं ऊन काय करणार’ म्हणत उघड्या पाठीनं तासभर पालथा तरंगलो. पुढच्या तीन रात्री पालथाच झोपलो. फुल बाह्यांचा टी-शर्ट घालूनच उतरा बे.

अशोक चौक

आई सोबत आहेत म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंना सगळ्यात आवडलं ते नील बेटावरचं (शहीद द्वीप) ओहोटीतलं फिरणं. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथं पाणी ओसरलं की दगडांमध्ये लहान लहान डबकी उरतात. प्रत्येक डबक्यात वेगळा संसार. खेकडे, इवलेसे मासे, आणि एक काळपट, जाडजूड समुद्रकाकडी. सासूबाई वाकून बघत होत्या. ती जराशी सरकली तशा ओरडल्या, “अगं, हे दोडकं हललं की!” दीड तास त्या डबक्यांवरून उठल्या नाहीत. काठावर बसून शेंगाचटणी-कडक भाकरी खाल्ली, एकही तिकीट न काढता.

पण ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच हॉटेलात विचारून ठेवा, ती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. दगड निसरडे आणि धारदार आहेत, चपलांवर जाऊ नका. सासूबाईंनी देवघरासाठी पोवळ्याचा एक तुकडा पदरात बांधला होता, तो गाइडनं हात जोडून परत ठेवायला लावला. पोवळं नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

होटगी रोड

हॅवलॉकला रात्रीची कयाक (वल्ह्याची छोटी होडी). चांदणं नसलेली रात्र लागते, म्हणून आम्ही मुद्दाम अमावास्या गाठली. घरी केवढा गोंधळ! “अमावास्येला पाण्यावर कोण जातं?” खारफुटीच्या आत शिरल्यावर टॉर्च बंद करायला लावतात. वल्हं पाण्यात घातलं की निळसर ठिणग्या उडतात, हात बुडवला तर बोटांभोवती उजेड. एकपेशीय जीव असतात, पाणी हललं की चमकतात. फोटोत काहीही येत नाही. लाइफ जॅकेट आणि गाइड असतो, जोडीची कयाक घ्या.

अजून एक. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं सोलापूरपासून सतराएक रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य तासाभरानं आधी. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा असेल तर चारला चहा उरकून निघा. आम्ही पहिल्या दिवशी साडेपाचला पोचलो आणि अंधार बघून आलो.

विजापूर रोड

जेट-स्की म्हणजे बसलो म्हणेपर्यंत उतरा. पोरगा मात्र अजून तेच सांगत फिरतो, त्यामुळं मुलीला विचारून ठरवा. आमचा सी-वॉक वाऱ्यामुळं रद्द झाला आणि सोलापुरातूनच भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. पाण्यातलं काहीही इथून बुक करू नका, तिथं समुद्र बघून पैसे द्या. आणि मगरीची पाटी असेल तिथं गुडघाभर पाण्यातही नको, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरोखर आहेत.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. जेट-स्की आणि सी-वॉक एजंटच्या कागदावरून काटले. पंचांग काढून बसलोय, अमावास्या एका दिवसानं चुकतेय, तिकीट बदलता येतं का बघतो. मुलगी जेवताना सगळ्यांना अंगठा दाखवतेय. आईला ‘दोडकं’ वाचून दाखवलं, तिचं ठरलंय. दगडावर घसरणार नाहीत असे बायकांचे रबरी बूट नवी पेठेत मिळतील का?