मदत हवी आहे: सोलापूर ते कन्याकुमारी कारने, सोबत दोन लहान पोरं, रोज किती किमी झेपतील?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरातून लिहितेय. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

आम्हाला कारने कन्याकुमारीला जायचंय. आम्ही म्हणजे मी, नवरा, सासूबाई, थोरला सहा वर्षांचा आणि धाकटी अडीचची. पुणे-कन्याकुमारी रेल्वे आपल्या स्टेशनावर थांबते हे माहितीये, त्यामुळे "रेल्वेनं जावा की" हा सल्ला कृपया नको, तो सासर, माहेर आणि शेजार तिन्हीकडून मिळून झालाय. सासूबाईंना वाटेत हंपी आणि मदुरैची मीनाक्षी बघायचीये, आणि नवऱ्याला गाडी चालवायचीये, खरं कारण हेच.

रस्ता असा काढलाय: विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बेंगळुरू, सेलम, मदुरै, कन्याकुमारी. एका बाजूनं साधारण १३०० किमी. नवरा म्हणतो दोन दिवस. रात्री दोनला निघायचं, पोरं झोपेत असतात, दुपारी बेंगळुरू, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी रात्री समुद्र. कागदावर बसतंय हो सगळं, पण कागदाला सू लागत नाही.

माझी भीती महाबळेश्वरची आहे. मागच्या वर्षी निघताना सासूबाईंनी थोरल्याला ग्लासभर दूध पाजलं, का तर पोर रिकाम्या पोटी बाहेर काढायचं नसतं. पसरणी घाटात तो एकदम गप्प झाला. तो गप्प झाला की समजून जायचं असतं, पण मी पुढे धाकटीला मांडीवर घेऊन बसलेली, मला मागचं दिसेना, आणि मग जे व्हायचं ते सासूबाईंच्या नव्या कोऱ्या इरकलवर झालं. साडी धुतली गेली पण गाडीचा वास जाईना, खायचा सोडा टाकून बघितला, लिंबू ठेवून बघितलं, एप्रिलच्या उन्हात चारी दारं उघडी टाकून बघितली, तरी पाऊस पडला की सीटच्या शिलाईतून थोडं महाबळेश्वर अजून येतं.

तर सांगा, एवढ्या लहान पोरांना घेऊन दिवसाला किती किमी काढता? रात्री चालवणं बरं का? आणि दिवाळीची सुट्टी की मे? नवऱ्याला सुट्टी दहाच दिवस आहे. दुधाचा विषय सासूबाईंजवळ कसा काढायचा हेही कुणी सांगितलं तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, टॉवेलच्या धंद्यापायी बेंगळुरू लाईन बरीच वर्षं करतोय, म्हणून लिहितो. रात्री दोनला निघू नका. पोरं झोपतात हे खरं, पण पहाटे तीन ते पाच डोळा ड्रायव्हरचा लागतो. आणि आपल्याकडं थंडीत कारखाने चालू झाले की विजापूर रोडला उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात ट्रॉली दिसते ती थेट बॉनेटसमोर. पाचला निघा, दीड तासात उजाडतं.

दिवाळीत आपल्याकडं पाऊस संपलेला असतो, पण तामिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या मान्सूनचा. समुद्र खवळला की विवेकानंद शिळेवर जाणारी बोट बंद. तेराशे किमी जाऊन किनाऱ्यावरून बघून यायचं का? नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलाचे भाविकही कन्याकुमारीला असतात, रूमची बोंब. मे तर बोलायलाच नको, मदुरैच्या देवळाची तापलेली फरशी अनवाणी चालवत नाही. फेब्रुवारीत जावा. पहिलीतल्या पोराची दहा दिवस शाळा बुडाली तर काय कलेक्टर व्हायचं राहतंय का त्याचं.

दोन दिवसांचा नाद सोडा. चार दिवस, असे: पहिला होस्पेट, ३०० किमीच्या आसपास, दुपारनंतर हंपी. दुसरा होसूर, बेंगळुरूच्या पुढचं गाव. बेंगळुरूत शिरू नका, तुमकूर रोडवरून शहराबाहेरून जाणारा नाइस रोड पकडला की डायरेक्ट होसूर रोडला निघता. फास्टॅगचा वर्षाचा २०० फेऱ्यांचा पास काढला असेल तर तो फक्त नॅशनल हायवेला चालतो, नाइस रोडचा टोल वेगळा द्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे ठेवा. तिसरा मदुरै, चौथा कन्याकुमारी. मधले दोन दिवस लांबचे आहेत, त्या दिवशी बघणंबिघणं काही नाही, फक्त गाडी. कन्याकुमारीच्या अलीकडे मुप्पंडलला पवनचक्क्या लागतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या पवनचक्क्या, पोरांना तेवढ्यासाठी जागं ठेवा. हायवेवर काही झालं तर १०३३ लावा, हायवेची हेल्पलाइन आहे.

आणि हो, इरकल गाव वाटेतच लागतं, होस्पेटच्या अलीकडे. सासूबाईंना नवीन घेऊन द्या, दुधाचा विषय दुकानातच काढा.

प्रतिसाद २

माहेर सोलापूर, सध्या बेंगळुरू, तीन पोरं, त्यातली दोन उलटीवाली. आधी रागावते: अडीच वर्षांच्या लेकराला पुढे मांडीवर?? एअरबॅग उघडली तर तुझ्या आणि बॅगच्या मधे तीच आहे. २०१९ पासून कायदाही आहे, १४ वर्षांखालचं मूल बेल्टमध्ये किंवा चाइल्ड सीटमध्येच, नाहीतर १००० रुपये दंड. पण दंडाचं सोड, ब्रेक लागला की हातात धरून मूल राहत नाही गं. धाकटीला मागे पट्ट्यांची सीट, थोरल्याला बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी सीट.

बूस्टरचा दुसरा फायदा उलटीचा आहे. कान सांगतात गाडी हलतेय, डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ, ती हलत नाही, त्या भांडणात पोट ढवळतं. पोरगं उंचावर बसलं की त्याला समोरचा रस्ता दिसतो. मोबाईल, चित्रांचं पुस्तक गाडीत बंद. दूध नको पण पोट रिकामंही नको, म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, त्यांना असंच सांग. कडक भाकरीचा तुकडा दे हातात, आमची पोरं तासभर कुरतडत बसतात, सीटभर चुरा होतो पण चुरा झटकता येतो. तिकडे इडली आणि दहीभात कुठेही मिळतो, आपली शेंगाचटणी पोरांना लांबच ठेव. औषध बालरोगतज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे, आणि ते निघायच्या आधी द्यायचं असतं, घाटात उलटी झाल्यावर नाही. काही पोरं त्यानं झोपतात, काही उलट उंडारतात, म्हणून डॉक्टरांना विचारून एकदा जवळच्या ट्रिपला देऊन बघ. दर दोन तासांनी थांबायचं, कुणाला लागली नसली तरी. पहिल्या दिवशी अलमट्टी धरणाची बाग आहेच वाटेत. डिकीत घडीचा पॉटी सीट टाक, माझे शब्द आठवशील.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार. नवऱ्याला प्रतिसाद वाचून दाखवले, ट्रॉलीचं वाक्य ऐकून तो गप्पच झाला, कारण मागच्या जानेवारीत मोहोळजवळ त्याचं असंच थोडक्यात वाचलं होतं, हे मला आत्ता कळतंय! फेब्रुवारी ठरलं, चार दिवस ठरले, दोन दिवस तिथे, चार दिवसांत परत, सुट्टीत बरोब्बर बसतं.

या रविवारी रंगीत तालीम म्हणून विजापूरला जाऊन आलो, एका बाजूनं शंभर किमी. दोन्ही सीटा बसवल्या. धाकटी पट्ट्यांत अडकवल्यावर टाकळीपर्यंत रडली, मग भीमेचं पाणी दिसलं आणि विसरली. थोरल्याला दूध नाही, भाकरी दिली, डॉक्टर म्हणाले एवढ्या अंतराला औषध नकोच. पोरगं जाताना ठीक, येताना ठीक! गोलघुमटात वर जाऊन त्यानं "आज्जीऽऽ" अशी हाक मारली ती घुमून घुमून परत आली, खाली पायरीवर बसलेल्या सासूबाई म्हणतात मला ऐकू आली, खरंखोटं त्यांनाच माहीत.

पण परतीला सासूबाईंनाच मळमळायला लागलं. मागे बसून मोबाईलवर कीर्तन बघत होत्या, पोरांचा मोबाईल काढून घेतला, त्यांचा कोण काढणार? झळकीला गाडी थांबवून लिंबूपाणी दिलं तेव्हा बरं वाटलं.

म्हणून आता नवीन प्रश्न. त्यांना पुढे बसवलं तर मला मागे दोन सीटांच्या मधे बसावं लागतं, मी अंग चोरून बसले तर बसते कशीबशी, पण होसूर-मदुरै चारशे किमी तसं बसायचं म्हणजे... आणि सासूबाई पुढे बसल्या की दहा मिनिटांत झोपतात, मग नवऱ्याला बोलतं कोण ठेवणार? कुणी असं बसलंय का लांबच्या प्रवासात?