चरबी पूर्ण बंद केल्याने पित्ताशय सुधारत नाही

पित्ताशयातले खडे टाळायचे तर स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद करा, असं काही जण सुचवतात. ते उलट अंगाशी येऊ शकतं. यकृत दिवसाला साधारण पाऊण लिटर पित्तरस तयार करतं, पण पित्ताशयात मावतो जेमतेम 30 ते 50 मिली, तोही पाणी शोषून दाट केलेला. जेवणातली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्तनळीच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते. पित्तक्षार चरबीचे बारीक थेंब करतात, मग लायपेज या पाचक विकराला ती पचवता येते. चरबीच आली नाही तर पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि साचलेल्या रसात कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरू लागतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणाऱ्यांत खडे वाढतात, त्याचं हे एक कारण. म्हणून चरबी बेताची, पण दर जेवणात थोडी हवी. खड्यांचा त्रास आधीच असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खडे पाडण्यासाठी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिण्याचा 'फ्लश' तर सोडूनच द्या. शौचात दिसणारे हिरवट, मऊ गोळे खडे नसतात, त्या तेलाचाच पोटात झालेला साबण असतो! खरा खडा हलून नळीत अडकला तर पंचाईत.

उजव्या बरगडीखालची कळ काही तास थांबली नाही, किंवा सोबत ताप, कावीळ, मातकट पांढरी शौच दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.