मदत हवी आहे: खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला ब्रश गेला की ओकारीची उबळ

मुलगा 6 वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलणं दोन-तीन शब्दांचं. समोरचे दात आणि दाढांची बाहेरची बाजू आता घासू देतो. आतल्या बाजूला मात्र ब्रशची पाठ जिभेच्या कडेला टेकली रे टेकली की उबळ येते, ओठ गच्च मिटतात, आणि मग दिवसभर ब्रश नुसता दिसला तरी मान फिरवतो.

दातांच्या डॉक्टरांनी तपासलंय. कीड नाही, हिरड्याही ठीक. आधी गालांवर-जबड्यावर बोटांनी घट्ट, सावकाश दाब देतो (हलका स्पर्श त्याला जास्त खुपतो). लहान डोक्याचा मऊ ब्रश, बिनचवीची, फेस न होणारी फ्लोराइड पेस्ट वाटाण्याएवढी, घासण्याच्या पायऱ्या दाखवणारी चित्रांची पट्टी, 5 मोजून थांबणं, हे सगळं चालू आहे. थरथरणारा ब्रश गालावर चालतो, तोंडात नाही. हनुवटी किंचित खाली असली की उबळ कमी. मान मागे गेली की लगेच वाढते. धरून-दाबून घासायचं नाही, आजवर कमावलेलंही त्यात जातं.

दाढेकडे सरकताना एका वेळी किती अंतर, किती सेकंद? उबळ न येता किती दिवस गेले की पुढे जायचं? आणि तिन्ही बाजूंनी एकदम घासणारा ब्रश अशा मुलांना सोसतो का, की जिभेला जास्तच लागतो?