कॅरॅव्हॅनमधला गॅस गीझर दोन-तीन मिनिटांत विझतो, कारण कसे शोधावे?

प्रश्न : यवतेश्वर घाट (सातारा)

नमस्कार. कुटुंबाच्या प्रवासासाठी आम्ही एक जुनी प्रवासी गाडी कॅरॅव्हॅन म्हणून बांधून घेतली आहे. मागच्या बाजूला, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात मिनिटाला ६ लिटर क्षमतेचा, सेलवर पेटणारा गॅस गीझर बसवला असून शेजारच्या कप्प्यात ५ किलोचा सिलिंडर आहे. पाणी १२ व्होल्टच्या पंपाने येते. घराच्या अंगणात गीझर उत्तम चालतो आणि गाडी बांधणाऱ्या कारागिरानेही तो माझ्यासमोर बराच वेळ चालवून दाखवला होता. मात्र महाबळेश्वर किंवा बामणोलीच्या बाजूला मुक्काम केला, की पहाटे तो पेटतो, दोन-तीन मिनिटे गरम पाणी येते आणि ज्योत विझते. नळ बंद करून पुन्हा उघडला की टिकटिक होऊन परत पेटतो, पण या वेळी आधीपेक्षाही लवकर विझतो. सेल बदलले, पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी धुतली. फरक पडला नाही. सोबत वयस्कर आई असते, म्हणून हे लवकर मार्गी लावायचे आहे. थंडीमुळे असे होते का? मोठा सिलिंडर जोडावा का?

उत्तर : मिरज पंपवाला

आधी पंपाचा आवाज ऐकावा. नळ अर्धवट उघडा असेल तर पंपाचा दाब पटकन वाढतो, पंप थांबतो, दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. प्रवाह असा तुटला की गीझरमधला डायफ्राम (पाण्याच्या दाबाने सरकून गॅस उघडणारा पडदा) मागे सरतो आणि गॅस बंद होतो. पण हा दोष असेल तर गीझर नळाला हात न लावताच पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो, आणि हे चक्र चालूच राहते. आपल्याकडे नळ बंद करून उघडावा लागतो, म्हणजे प्रवाह टिकून असतानाच ज्योत जात आहे. तरी खात्रीसाठी नळ पूर्ण उघडून पाहावे.

उत्तर : वाईकर

थंडीचा संबंध निश्चित असू शकतो. आपल्याकडचा एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली. सिलिंडर संपत येतो तेव्हा प्रोपेन आधीच बराच निघून गेलेला असतो आणि उरलेल्या ब्युटेनला थंडीत पुरेसा दाब देता येत नाही. शिवाय द्रवाची वाफ होताना ती सिलिंडरमधूनच उष्णता ओढते, म्हणून लहान सिलिंडरवर मोठा बर्नर चालवला की त्याचा पत्रा बाहेरून दवाने ओला होतो. वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात पहाटे हिमकण दिसतात, त्या हवेत हे अधिकच जाणवते. ओळखण्याची खूण अशी, की गॅस कमी पडत असेल तर ज्योत आधी बुटकी होत जाते आणि मग विझते. सिलिंडर गरम करण्यासाठी त्याच्याजवळ आग किंवा हीटर मुळीच नेऊ नये.

उत्तर : कृष्णाकाठ (सांगली)

वाईकरांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, तरीही सिलिंडरच्या आधी मी एक गोष्ट विचारतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. अंगणात चाचणी झाली तेव्हा गीझरच्या कप्प्याचे झाकण उघडे होते का, आणि डोंगरावर पहाटे वाऱ्यामुळे ते लावलेले असते का?

६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळण्यासाठी साधारण बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दर मिनिटाला सुमारे दोनशे लिटर हवा, आणि असा कप्पा तरी एकूण किती लिटरचा असणार? झाकण लावले की आतली हवा काही मिनिटांतच वापरली जाते, जळालेला वायू आतच फिरतो, ज्योत अस्थिर होते आणि सुरक्षा झडप गॅस तोडते. दुसऱ्यांदा गीझर लवकर विझतो, कारण कप्पा अजून त्याच वायूने भरलेला असतो.

विझणे हा येथे लहान त्रास आहे. विझण्यापूर्वी अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. गॅसला मुद्दाम दिलेला तो उग्र वासही येथे सावध करत नाही, कारण तो न जळलेल्या गॅसचा असतो. कप्पा आणि झोपण्याची जागा यांच्यामध्ये नळीचे एखादे भोक उघडे राहिले असेल, तर हा वायू थेट आईंच्या अंथरुणापर्यंत पोहोचू शकतो.

कृपया दुपारच्या उन्हात, गाडीत कोणी नसताना, बाहेर उभे राहून झाकण लावून गीझर चालवून पाहावा. तेव्हाही विझला तर थंडीचा प्रश्न निकालात निघाला.

प्रश्नकर्ता : यवतेश्वर घाट

आपले मनापासून आभार. अंगणात झाकण नेहमी उघडेच असते आणि मुक्कामी वारा लागतो म्हणून आम्ही ते लावतो. आज दुपारी सांगितल्याप्रमाणे केले. नळ पूर्ण उघडा, पंप एकसारखा चालू, सिलिंडर हाताला कोमट. तरी गीझर तसाच विझला. फटीतून पाहिले तेव्हा निळ्या ज्योतीची टोके पिवळी होऊन हलत होती. झाकण वर करून थोडे थांबलो आणि ते उघडे ठेवूनच पुन्हा पेटवला, तर गीझर न थांबता चालला. आता झाकणाला जाळी बसवली तर पुरेल का?

उत्तर : कृष्णाकाठ (सांगली)

पुरणार नाही. हे गीझर घराच्या बाहेरच्या, मोकळ्या भिंतीसाठी बनवलेले असतात. कॅरॅव्हॅनसाठी खास बनवलेले हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात, त्यामुळे बदलायचे असेल तर तसाच घ्यावा. तोपर्यंत गीझर कप्प्यातून काढून मुक्कामी गाडीच्या बाहेर, खिडकीपासून दूर, स्टँडवर लावावा आणि पाणी लांब नळीने आत न्यावे. केबिनकडे जाणारे प्रत्येक भोक बुजवावे. सिलिंडरच्या कप्प्याला मात्र तळाशी बाहेर उघडणारे झरोके हवेतच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती खाली साचते. सिलिंडर उभाच ठेवावा, घाटातून जाताना त्याची झडप बंद असावी, आणि हादऱ्यांनी सांधे सैल होतात म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर ते साबणाच्या पाण्याने तपासावेत. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे, सेलवर चालणारे यंत्र आईंच्या झोपण्याच्या जागेजवळ आजच लावावे.