मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईसोबत ब्रुज

एप्रिलच्या मध्याला एका शनिवार-रविवारी आईला बेल्जियममधलं ब्रुज दाखवायचंय. आम्ही कोलोनहून ट्रेननं, ब्रसेल्सला गाडी बदलून जाणार. आई ७१ वर्षांची. सपाट रस्त्यावर वीसेक मिनिटं छान चालते, पण जिने आणि उंच पायऱ्या जमत नाहीत. व्हीलचेअर नको म्हणते. त्यामुळे ३६६ पायऱ्यांचा बेलफ्री मनोरा बाद. मायकेलअँजेलोचं 'मॅडोना' शिल्प आणि बेगिनांचं (एकत्र राहणाऱ्या धार्मिक स्त्रियांचं) जुनं आवार मात्र तिला दाखवायचंच आहे, आणि सगळ्यात जास्त ओढ कालव्यातल्या बोटीची.

अडलंय तिथेच. अर्ध्या तासाची फेरी पाच धक्क्यांवरून सुटते एवढं कळलं, पण बोट उघडी आणि पाण्यालगत, म्हणजे खाली उतरावं लागणारच. फोटो न्याहाळले, नकाशे पाहिले. पायऱ्या किती, कठडा आहे का, हे काही दिसत नाही. हॉटेलला विचारलं, तर "बहुतेक जमेल" एवढंच उत्तर आलं.

लिफ्ट असलेल्या खोल्या मिनेवॉटर तळ्याजवळ आणि मार्क्ट चौकाजवळ, दोन्हीकडे मिळताहेत. बजेटची अडचण नाही, जेवण शाकाहारी.

अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: कोणत्या धक्क्यावर उतरणं सर्वात सोपं, आणि दगडी फरसबंदीवरचं चालणं कमी व्हावं म्हणून राहायचं कुठे?